दसऱ्यापर्यंतचं गवत

भाद्रपद लागला की माझ्या पायांना कुसळं टोचायला लागतात. धुळ्यात देवपुरात मी तिसऱ्या मजल्यावर राहते. घरात फरशी, खाली डांबरी रस्ता. कुसळ यायचं कुठून? तरी बाहेरून आल्यावर हात आपोआप साडीच्या काठाकडे जातो आणि बोटं काठाला अडकलेलं काहीतरी चाचपत राहतात. या दिवसांत बाजरी निसवून कणसावर आलेली असते. उघडीप पडली की ऊन चामडी सोलतं, आणि लगेच एखादा ढग येऊन सगळं निववून जातो. गच्चीवर गेलं की उत्तरेकडून ओल्या गवताचा वास येतो. शेजारच्या वहिनी म्हणतात, असा काही वास येत नाही. नसेलही येत.

मूळची मी फैजपूरची. केळीच्या बागांत वाढलेल्या माणसाला मोकळ्या माळाची भीती वाटते हे कुणाला सांगून पटत नाही. आमच्याकडे भर दुपारी बागेत शिरलं की ऊन खाली पोचतच नाही. पायाखाली ओल, डोक्यावर पानं, सगळं हिरवं आणि अंधारं. तिथून माझी बदली झाली सोनगीरला. नर्सची नोकरी, वय पंचविशीच्या आसपास, ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बसमधून उतरले तेव्हा समोर किल्ल्याची उघडी टेकडी, मागे आग्रा रोडवरचे ट्रक, आणि तांबटांच्या गल्लीतून येणारा हातोड्यांचा आवाज. झाड म्हणावं असं लिंबाचं एकच होतं, आणि त्याच्या सावलीत आधीच दोन म्हशी बसल्या होत्या. ‘वर्षभर कसंतरी काढू,’ असं मनाशी म्हटलं होतं. पुढे सात वर्षं राहिले.

सुरुवातीचे पावसाळे नावालाच पावसाळे होते. आभाळ भरून यायचं आणि रिकामंच निघून जायचं. लोकांनी बैल विकले. ज्यांनी ठेवले त्यांच्या बैलांच्या फासळ्या दिसायच्या. लसीकरणासाठी मी आजूबाजूच्या वस्त्यांवर पायी जायचे. सोनगीरच्या पुढे, रस्त्यापासून आत एक लहानसं गाव होतं, आणि त्या गावाचं एक मोठं कुरण होतं, म्हणजे ढोरांसाठी राखलेलं गवताचं रान. ते कुरण तेव्हा तव्यासारखं दिसायचं. नुसता मुरूम आणि गवताची जळकी बुडखी. त्यातून वाट काढताना मला दर वेळी फैजपूरची आठवण येऊन रडू यायचं.

मग एका वर्षी पाऊस झाला. झड लागली, नाले भरले, आणि श्रावणात त्या तव्यावर गवत उभं राहिलं. पवन्या, मारवेल, शेडा ही नावं मला नंतर कळली. तेव्हा एवढंच दिसलं की वारा आला की सबंध माळ एका अंगाने लवतो आणि परत उठतो. केळीच्या बागेत वारा कधी असा दिसत नाही.

त्याच महिन्यात एके दिवशी कांतिभाऊ आरोग्य केंद्रात आले. कांतिलाल शेठ, रस्त्यावरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. घरात मारवाडी बोलायचे, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि माझ्यासारख्या नोकरीतल्या माणसाशी पुस्तकी मराठी. पन्नाशीचा, सडपातळ, शांत माणूस. एक वेड मात्र होतं, पाखरांचं. एका ट्रक ड्रायव्हरकडून घेतलेली जुनी दुर्बीण ते दुकानात गल्ल्याशेजारी ठेवायचे.

मी रक्तदाब मोजत होते आणि ते सांगत होते, “सिस्टर, तणमोर नावाचा एक पक्षी असतो. आमच्या मुलखात त्याला खरमोर म्हणतात. फक्त पावसाळ्यात येतो, उंच गवतात अंडी घालतो आणि गवत वाळलं की निघून जातो. जातो कुठे, नक्की कुणाला माहीत नाही. देशातून संपत चाललाय. जिथे कुणाला दिसेल त्यांनी कळवावं, असं पक्षिप्रेमींनी पेपरातून आवाहन केलंय. माझं दुकान मला सोडत नाही. तुम्ही रोज माळावरून जाता. जरा लक्ष ठेवाल?”

“ओळखायचा कसा?”

“ओळखायला लागत नाही. तो स्वतःच दाखवतो.”

मी हो म्हटलं. आजारी माणसाला हो म्हणतात तसं.

त्यानंतर काही दिवसांनी मी लशीचा निळा डबा खांद्याला लावून कुरणातून परत येत होते. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. थोड्या अंतरावर गवतातून काहीतरी काळं वर उडालं, क्षणभर हवेत फडफडलं आणि खाली पडलं. मला वाटलं, कुणाची छत्री उलटली. पण छत्रीच्या मागे माणूस नव्हता. मी थांबले. परत तेच. पुरुषभर उंच उडी, अंगाखाली पाय घेतलेले, मान मागे टाकलेली, पंखांवर पांढरा पट्टा, डोक्यामागे दोन बाजूंना बारीक काळ्या रिबिनी. पंखांचा खडखडाट आणि बेडकासारखा एक आवाज. लगेच गवतात गडप. पुन्हा वर. पुन्हा गडप. जणू त्या गवताला तो आत ठेवून घेता येत नव्हता, म्हणून ते त्याला वर फेकत होतं.

किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा भान आलं. सपाता हातात घेऊन मी पळत सुटले, ती चिखलाच्या पायांनी थेट दुकानात. कांतिभाऊ एका बाईला लुगडं उलगडून दाखवत होते. माझं तोंड पाहिलं आणि लुगडं तसंच त्या बाईच्या हातात देऊन त्यांनी दुर्बीण उचलली. बाई ओरडली, “शेठ, भाव ते सांगा!” शेठ तोवर रस्त्यावर.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी तो पाहिला. कांतिभाऊंनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लगेच काढली. काचा पुसत म्हणाले, “ओल धरली वाटतं.” काचांना काही झालेलं नव्हतं.

मग रोजचा शिरस्ता पडला. सकाळी दुकान उघडण्याआधी ते, फेरीवरून येताना मी. नर उड्या मारायचा ती जागा ठरलेली होती. एकदा तिथून जवळच एक तपकिरी, गवताच्याच रंगाची मादी मान खाली घालून जाताना दिसली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, तिसऱ्या दिवशीही. कांतिभाऊ कुजबुजले, “अंडी असणार. जमिनीवरच घालते ती. पुढे जायचं नाही.” या पक्ष्याचं दुखणं मला तेव्हा समजलं. मादीला दिसावं म्हणून नर उडी घेतो, आणि शिकारीही त्याच उडीची वाट पाहत बसलेला असतो. शिकार कायद्याने बंद झाली होती. पण गवत कधी कापावं हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

आणि आमच्यासमोर प्रश्न आला तो गवताचाच. पोळा झाला आणि कुरणाच्या त्या गावात बातमी फुटली की यंदा कुरण ठेकेदाराला द्यायचं, आणि तेही लगेच, हिरवं असतानाच. शहरातल्या गोठ्यांना ओलं गवत हवं होतं. रस्ता जवळ, ट्रक लावायचा आणि न्यायचं. पूर्वी कुरणाची कापणी दसरा झाल्यावर, गवत पिकून बी झडल्यावर व्हायची. पण कोरड्या वर्षांनी गाव खचलं होतं. विहिरीवर इंजिन बसवायचं होतं. त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मारुतीच्या पारावर सकाळी सभा भरली. कांतिभाऊंचे पर्युषणाचे उपवास चालू होते. चेहरा उतरलेला, तरी ते उभे राहिले. “आबा, गवत कापू नका असं मी म्हनत नही. दसरा लगून थांबा, इतलंच म्हनस.”

आबा म्हणजे हिलालआबा. गावातलं वडीलधारं माणूस, शब्दाला वजन. ते काही बोलायच्या आत मागून एकजण ओरडला, “शेठ, तुम्हीन गादीवर बससत. ढोरं आमना दारमा हंबरतस!” लोक हसले. कांतिभाऊंचा आवाज चढला. तेही काहीतरी लागट बोलले. आबांनी हात वर केला. “गाव मोठं का पाखरू मोठं? तुम्हीनच सांगा.”

कांतिभाऊ खाली बसले. आठवड्याभरात कापणी, असं ठरलं.

मी देवळाच्या खांबाआड बायकांत उभी होते. आमच्या डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, “सिस्टर, सरकारी नोकरी आहे, गावाच्या भानगडीत पडू नका.” ते माझ्या भल्याचंच सांगत होते. पण सभा उठताना मला एक गोष्ट खटकली. कुरणातून रोज भारा कोण आणतं? बायका. आणि सभेत एकाही बाईला कुणी काही विचारलं नव्हतं. मी ठरवलं, पडायचंच.

तिथून मी थेट वेणूअक्काकडे गेले. अक्का चाळिशीची, उंच, आवाज असा की दोन गल्ल्या ऐकू जावा. तिच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं, त्यामुळे घरात यायची मुभा होती. घरात एक म्हैस, तिच्या दुधावर सगळं. मी तणमोराचं सांगायला लागले तसं तिने मधेच तोडलं.

“तुमना मोर नाचस ते नाचू द्या, सिस्टर. मनी म्हैस काय खाई ते सांगा.”

“ठेकेदार सगळं गवत ट्रकात भरून नेईल, तेव्हा काय खाईल?”

अक्का शेण कालवायची थांबली. शेणाचा हात तसाच धरून म्हणाली, “ते आमले बी समजस. पन आमले इचारस कोन?”

“मी विचारते आहे ना.”

ओट्यावर बसून आम्ही दोघींनी तोड काढली. गावातल्या बायकांनी कडेकडेचं गवत रोज विळ्याने कापायचं, आपापल्या ढोरांपुरतं. मधल्या भागाला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. दसऱ्यानंतर पिकलेलं गवत गावाने विकायचं, त्यातून इंजिन येईल. बी जमिनीत पडलेलं असेल, म्हणजे पुढच्या सालीही गवत. अक्काने त्याच दिवशी घरोघर निरोप फिरवला. कळणाची भाकरी थापता थापता बायका हो म्हणाल्या, काही नाही म्हणाल्या, आणि नाही म्हणणाऱ्यांच्या घरी अक्का दुसऱ्यांदा गेली. पण आबांच्या शब्दावर शब्द टाकायचा कुणी?

ते काम कांतिभाऊंनी केलं. पर्युषण संपलं की जैन मंडळी घरोघर जाऊन हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफी मागतात. त्या दिवशी ते चालत आबांच्या दारात गेले. मी बरोबर होते. सभेत भांडून गेलेला माणूस असा हात जोडून उभा राहिलेला पाहून आबा गडबडले. खाट ओढली, चहा सांगितला.

“आबा, सभामा मी लागेल बोलनू. मापी द्या.”

“अरे शेठ, कसानी मापी? बसा.”

“मापी मांगी. आते एक गोट मांगस. सकाये मनासंगे कुरनवर चाला. फक्त दखा. मंग तुम्हीन म्हनशात तसं.”

आबा आले. काठी टेकत, धोतराचा सोगा धरत. आम्ही बांधाच्या आडोशाला बसलो. बराच वेळ काही नाही. आबा उठायच्या बेताला आले आणि तेवढ्यात तो उडाला. काळा, चकचकीत. खडखड करत वर, आणि खाली. आबांनी काठी घट्ट धरली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मला वाटलं, आता म्हणतील किती सुंदर.

आबा म्हणाले, “खायेल शे मी हाई.”

हे पाखरू त्यांनी खाल्लं होतं!

“धाकला व्हतू तवय. गंज व्हतंत ह्या. बाप उडी माराले लाये आनि काठी फेके. झोयी भरी घर लयेत. कवय बंद झायात ते मालेच समजनं नही.” लहानपणी बाप काठी फेकून झोळी भरभरून घरी आणायचा ती पाखरं यायची कधी बंद झाली, ते त्यांनाच कळलं नव्हतं. मग म्हणाले, “माले वाटे, आपला डोया गयात म्हनीसन दिखतस नही.”

आपले डोळे गेले म्हणून दिसत नाहीत. पाखरूच गेलं हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. मला त्यांचा राग येणार होता तो आला नाही. उठताना त्यांनी कांतिभाऊंच्या खांद्याचा आधार घेतला. “दसरा लगून. त्यानापुढे एक दिन बी नही.”

पण ठेकेदाराला हे पटायचं होतं कुठे! दोनच दिवसांनी सकाळी त्याचा ट्रक बांधापर्यंत आला. मी फेरीवर निघाले होते. बाहेरगावचे मजूर विळे घेऊन उतरत होते. नर त्या वेळी उडत नव्हता. गवत एकदम गप्प होतं. मी आडवी जाऊन म्हटलं, “कापायचं नाही, गावाने ठरवलंय.” ठेकेदार हसला. “तुम्ही कोण? दवाखान्याच्या ना? सुया टोचा बाई तुम्ही.”

मी वाटेतून हलले नाही. मागून वेणूअक्काचा आवाज आला. ती आणि कडेचं गवत कापायला आलेल्या सात-आठ बायका, पदर खोचलेल्या, येऊन बांधावर ओळीने उभ्या राहिल्या.

“दादा, आमनं कुरन शे हाई. आबाले इचारा.”

“आबांशी बोलणं झालंय माझं.”

“मंग परत बोला. तवलग गाडी आठेच थांबी.” अक्काने हातातला विळा उगाच दुसऱ्या हातात घेतला. “आनि बिगर इचारता कोनी आतमा पाय टाका, ते इळा आमना हातमा बी शेत.”

एक मजूर बाई आधी हसली, मग खाली बसली. मग बाकीचेही बसले. ठेकेदार तणतणत गावात गेला. परत आला तो ट्रक वळवूनच. दसऱ्यानंतर गवत त्यानेच नेलं, सरळ बोलणी करून. इंजिनही बसलं. पुढे तो मला रस्त्यात भेटला की मान डोलवायचा.

दसऱ्याच्या थोडं आधीची एक सकाळ. गावात मुली गुलाबाईची गाणी म्हणत फिरत होत्या. अक्का कडेचा भारा बांधून, डोक्यावर घेऊन पाऊलवाटेने निघाली, मी तिच्या मागे. अचानक ती थांबली. एक हात मागे करून मला थोपवलं. वाटेच्या उजव्या अंगाला गवत हललं. ती तपकिरी मादी बाहेर आली, मान लांब करून पाहिलं आणि वाट ओलांडली. तिच्या मागून दोन पिल्लं पळाली. पाय पुरत नव्हते एवढी घाई. डाव्या अंगाच्या गवतात सगळी शिरली. डोक्यावर ओल्या गवताचा तो भारा घेऊन अक्का उभीच. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तरी तिने तो पुसला नाही. गवत हलायचं थांबल्यावर मग पाऊल टाकलं. चालता चालता म्हणाली, “बाळंतीन शे ना ती.”

कांतिभाऊंनी नोंद कळवली. राज्यातून आलेल्या मोजक्या नोंदींत ती एक होती, आणि पिल्लं दिसल्याचं तर क्वचितच कुणी कळवलं होतं, असं उत्तर आलं. ते वाचून त्यांनी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेढा दिला. लोकांना वाटलं, नातू झाला.

इथे थांबता आलं असतं तर बरं होतं. पण पक्षी आला म्हणजे वाचला असं नसतं. पुढची तीन-चार वर्षं तो येत राहिला. मग एक वर्ष आला नाही. मग आला, एकटाच, कितीतरी दिवस उड्या मारत राहिला आणि मादी आलीच नाही. त्या उड्या मला पाहवेनात. माझी बदली यावलला झाली, परत केळीच्या हिरव्या अंधारात. तरी भाद्रपदात रजा टाकून मी यायचे. दर खेपेला कुरण थोडं कमी झालेलं. एका बाजूला पडीक जमीन म्हणून झाडं लावली. झाड लावणं वाईट कसं म्हणणार? पण तणमोराला झाड नको असतं, गवत हवं असतं, आणि गवत हे आपल्याला रिकामी जागा वाटतं. दुसऱ्या बाजूने नांगर आला. नव्वदचं दशक अर्धं उलटलं आणि मग कुरणावर कुणालाच तो दिसला नाही. कांतिभाऊ त्याच सुमारास गेले. आबा त्यांच्या आधीच गेले होते. तेव्हा पुस्तकांत या पक्ष्यापुढे ‘दुर्मिळ’ एवढंच असायचं. आता ‘अतिसंकटग्रस्त’ लिहितात. नर्स होते मी. अतिदक्षतेतल्या रोग्याच्या उशाशी बसणं मला नवं नाही. अशा वेळी नाडी लागत नाही म्हणून कुणी हात सोडत नाही.

शेवटच्या आजारात कांतिभाऊंनी मला सांगितलं होतं, “सिस्टर, न दिसणंही कळवायचं. आपण कळवलं नाही, तर लोक समजतील कुणी पाहायलाच गेलं नव्हतं.” तेव्हापासून दर भाद्रपदात मी जाते आणि कळवते. अलीकडे धुळ्यातली, जळगावची कॉलेजातली मुलंही येतात, फोनवर टिपतात, फोटो काढतात. कुरणाचा मधला तुकडा अजून शिल्लक आहे, कारण वेणूअक्काच्या बचत गटाने तो धरून ठेवलाय. मधे ग्रामसभेत एका तरुण सदस्याने विचारलं, “पाखरूच येत नाही, मग गवत कुणासाठी राखायचं?” अक्का आता काठी घेऊन चालते, पण आवाज तोच. ती उठून म्हणाली, “येवानं का नही ते तो ठरावी. राखानं का नही ते आपन ठरावसूत.” हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

गेल्या रविवारी आम्ही दोघी बांधावर बसलो होतो. गवत कमरेला लागत होतं. ढग होते, वारा नव्हता, अगदी त्याला आवडतं तसं. दोन तास बसलो. चंडोल गायले, तितर ओरडले, लांब रस्त्यावर ट्रक घरघरत होते. बाकी काही नाही. अक्काने गुडघे चोळले आणि उठायला हात पुढे केला.

“नही दिखना,” ती म्हणाली.

“नाही दिसला.” मी फोन काढून तसं कळवलं.

“परतनी गाडी कितला वाजता?”

“अजून वेळ आहे.”

“मंग बसूत घडीभर,” अक्का म्हणाली, आणि आम्ही परत गवताकडे तोंड करून बसलो.